हिरवे कोळी आणि जातीची खूण

सदर : परिसर आणि प्रज्ञा



पावसाळा ओसरू लागला की दारच्या दोडक्याच्या वेलावर, लिंबाच्या झाडावर, चाळीमागच्या कुंपणावर सकाळी दवाने भिजलेली जाळी दिसतात. बैलगाडीच्या चाकासारखी गोल, मधून आरे निघालेली आणि आऱ्यांवर धागा फिरवत नेलेली. जवळ जाऊन पाहिले तर जाळ्यात किंवा बाजूच्या पानाखाली एखादा हिरवा कोळी बसलेला असतो. इतका हिरवा की पानाचाच तुकडा वाटावा. आपण "हिरवा कोळी" म्हणतो आणि कामाला लागतो. मुलांपैकी कुणी विचारलेच, तर "कोळी आहे, हात लावू नको" एवढे उत्तर पुरेसे होते.

पण हिरवा कोळी एकच नसतो. एकाच बागेत, एकाच वेलावर तीन-चार निरनिराळे हिरवे कोळी राहत असतात. ते ओळखायचे कसे, हा आजच्या सदराचा विषय आहे. आणि या ओळखीतून एक मोठा प्रश्न पुढे येतो. तो आपल्या घराघरातला प्रश्न आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

कोळी म्हणजे कीटक नव्हे

पहिली गोष्ट, कोळी हा कीटक नाही. मुंगी, झुरळ, फुलपाखरू यांना सहा पाय असतात, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग पडतात. कोळ्याच्या शरीराचे दोनच. पुढच्या भागाला डोळे, तोंड आणि पाय जोडलेले असतात आणि मागे पोटाचा फुगीर भाग असतो. पोटाच्या टोकाला जी बारीक बोंडे दिसतात त्यांतून रेशीम बाहेर पडते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात.

जगभर ज्यांची नावे नोंदली गेली आहेत अशा कोळ्यांच्या जातींचा आकडा एप्रिल २०२२ मध्ये पन्नास हजारांवर गेला. आपल्या देशातल्या कोळ्यांवर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे डॉ. बी. के. टिकादर यांनी मोठे काम केले. त्यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या अनेक कोळ्यांचा अभ्यास केला. त्यांचा भारतीय कोळ्यांवरील हस्तग्रंथ १९८७ साली निघाला. आज आपल्या शाळा-महाविद्यालयांतून जी मुले कोळ्यांचा अभ्यास करतात, ती याच पायावर पुढे जात आहेत.

आधी जाळे पाहा, मग रंग

हिरवा कोळी दिसला की आपण रंगाकडे पाहतो. खरे म्हणजे रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी विचारावे, याने जाळे विणले आहे का?

जाळे नसेल आणि कोळी पानावर मोकळा फिरत असेल, तर तो जाळे विणणाऱ्यांपैकी नव्हे. त्याचे पाय बारकाईने पाहा. पायांवर लांब काळे काटे उभे असतील आणि तो भरभर पळत, उड्या मारत असेल, तर तो प्युसेशिया. मांजराने उंदरावर झेप घ्यावी तसा तो किड्यावर झेप घेतो. याची मादी अंड्यांच्या पिशवीजवळ पहारा देत बसते. पाय गुळगुळीत असतील, पुढच्या दोन जोड्या लांब असतील आणि कोळी पानाच्या शिरेला चिकटून लांबट पडून असेल, तर तो खेकडा-कोळ्यांपैकी ऑक्सिटेट. दोघेही हिरवेगार, पण दोघेही चाकासारखे जाळे विणत नाहीत.

गोल जाळे असेल तर दुसरा प्रश्न विचारावा : जाळे उभे आहे की आडवे? खाटेच्या नवारीसारखे आडवे किंवा कलते असेल, मध्यभागी लहानसे भोक असेल आणि कोळी त्याखाली उलटा लटकलेला असेल, तर तो बहुधा ल्युकॉज असतो. त्याचे पाय हिरवे, पोट लांबट आणि चांदीच्या वर्खासारखे चमकणारे, त्यावर गडद रेघा. ओहोळाच्या काठी, नळाच्या सांडपाण्याजवळच्या झुडपांत, ओलसर जागी तो जास्त दिसतो.

जाळे उभे असेल आणि जाळ्यात कुणीच नसेल, तर निराश होऊ नये. बाजूची पाने पाहावीत. एखादे पान रेशमाने दुमडून घर केलेले असते आणि त्यात मालक बसलेला असतो. त्याचे पाय हिरवे, पोटाचा वरचा भाग पांढुरका आणि त्यावर पुढच्या बाजूला मूत्रपिंडाच्या आकाराचा काळपट डाग असेल, तर तो अ‍ॅरेनियस मिटिफिकस. दुरून पाहिले तर तो डाग झुबकेदार मिशांसारखा दिसतो, म्हणून मुलांना हा कोळी फार आवडतो. मादी जेमतेम ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी, नर तिच्याहून लहान. भारतापासून फिलिपिन्स आणि न्यू गिनीपर्यंत तो पसरलेला आहे.

याच उभ्या जाळ्यांत निओस्कोना नावाच्या प्रजातीचेही कोळी भेटतात. त्यांचा रंग फार फसवा. एकाच जातीतला एक तपकिरी, दुसरा करडा, तिसरा हिरवट, एकाच्या पाठीवर नक्षी तर दुसऱ्याच्या पाठीवर एक पट्टा. भावंडे असूनही कपडे निरनिराळे घातल्यासारखी! फक्त रंग पाहणारा माणूस इथे चार कोळ्यांच्या चार जाती करून मोकळा होईल आणि चुकेल.

मुंबईची मंडळी कान्हेरी लेण्यांना जातात. ती वाट बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून जाते. ज्या जंगलात भिक्खू संघाने शेकडो वर्षे वर्षावास केला, त्याच जंगलात वाटेच्या कडेला ही जाळी दिसतात. लेणी पाहून परतताना मुलांना दहा मिनिटे थांबवून ती दाखवा. जाळे तोडू नका, उद्यानातले काहीही उचलून आणू नका. पाहण्याला पैसे पडत नाहीत.

कोळ्यावरचा खोटा आरोप

वर सांगितलेल्यांपैकी एकही हिरवा कोळी माणसाला धोकादायक नाही. उलट तो डास, माश्या, तुडतुडे खातो. तरीही तो दिसला की चप्पल उचलली जाते. का? कारण आपल्याकडे एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अंगावर फोडांचा पट्टा उठला, आग होऊ लागली की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "कोळी मुतला." मग गेरू लावला जातो, मंत्र टाकणाऱ्याला बोलावले जाते. चार दिवस त्यात जातात.

माता-भगिनींनो, हे नीट समजून घ्या. कोळ्याच्या विष्ठेने असे फोड येत नाहीत. हे फोड बहुधा दोन कारणांनी येतात.

एक कारण म्हणजे ज्याला आपण नागीण म्हणतो तो आजार. लहानपणी कांजिण्या झालेल्या असतात. त्यांचा विषाणू बरे झाल्यावरही शरीरातल्या मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झाले, अशक्तपणा आला की पुन्हा जागा होतो. फोड त्या मज्जातंतूच्या वाटेने उठतात, म्हणून पट्टा दिसतो आणि तो साधारणपणे अंगाच्या एकाच बाजूला असतो. "विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो" ही निव्वळ भीती आहे. यावर विषाणूविरोधी औषध आहे आणि ते पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर चांगला गुण येतो. फोड कपाळावर, नाकावर किंवा डोळ्याजवळ असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दृष्टीला धोका असतो. मंत्र-गेरूत जे चार दिवस जातात, तेच नेमके औषधाचे दिवस असतात.

दुसरे कारण एक बारीक, लांबट, नारिंगी-काळा भुंगेरा. पावसाळ्यात तो रात्री दिव्याकडे येतो. झोपेत किंवा हाताने तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी पोळते आणि दुसऱ्या दिवशी लाल रेघ, फोड उठतात. तो अंगावर बसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. चिरडला गेलाच तर ती जागा साबण-पाण्याने लगेच धुवावी. तो हात डोळ्याला लावू नये.

म्हणजे गुन्हा विषाणूचा किंवा भुंगेऱ्याचा, आणि शिक्षा मात्र भिंतीवरच्या कोळ्याला. कोणी पाहिले होते कोळ्याला? कोणीच नाही. आजीने सांगितले, आजीला तिच्या आजीने सांगितले. केवळ ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले ते अशाच वेळी उपयोगी पडते.

दोन काकडी-कोळी

ओळख पुराव्यावर ठरते, हे किती खोलवर खरे आहे ते पाहण्यासाठी आता थोडे दूर, युरोपात जाऊ. तिथल्या बागांत, कुंपणांत, ओकच्या झाडांच्या जंगलात एक इवलासा हिरवा कोळी राहतो. काकडीसारखा पिवळट हिरवा म्हणून त्याला लोक काकडी-कोळी म्हणतात. मादी सुमारे सहा मिलिमीटर लांब. पोटाच्या टोकाजवळ खालच्या बाजूला कुंकवाच्या टिकलीएवढा नव्हे, तिच्याहूनही बारीक असा लाल ठिपका. पाठीवर मागच्या बाजूला काळ्या ठिपक्यांच्या जोड्या. याचे जाळे इतके लहान की कधी कधी एकाच पानाच्या खोलगट भागावर मावते.

स्वीडनचे कार्ल क्लर्क यांनी १७५७ साली कोळ्यांवर पुस्तक लिहिले, त्यात या कोळ्याला नाव दिले. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणती लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून सुरू होते. त्याला एकच अपवाद केला आहे आणि तो म्हणजे क्लर्क यांचे हे कोळ्यांचे पुस्तक. आज या कोळ्याचे नाव अ‍ॅरॅनिएला कुकुर्बिटिना असे आहे.

पुढे १९०५ साली, म्हणजे १४८ वर्षांनी, कुल्चिन्स्की या पोलिश अभ्यासकाने तसाच दिसणाऱ्या एका कोळ्याला वेगळे नाव दिले : अ‍ॅरॅनिएला ओपिस्थोग्राफा. रंग तोच, आकार तोच, लाल ठिपका तोच, जाळे तसेच. कधी कधी राहायची झुडपेही तीच. मग वेगळा कसा? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मादीच्या पोटाखालच्या जननेंद्रियाची घडण वेगळी निघाली. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड अवयव असतात. मोठ्या नरात त्यांची टोके मुठीसारखी फुगलेली असतात. तीही दोघांत वेगळ्या घडणीची आहेत. ही घडण पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. उघड्या डोळ्यांना एक वाटणारे हे कोळी म्हणून दोन जातींचे ठरले.

मग पाठीवरच्या काळ्या ठिपक्यांवरून ओळखता येईल का? येत नाही. ते एकाच जातीत कमी-जास्त असतात. रंगावरून? तोही टिकत नाही. या कोळ्याची पिले शरद ऋतूत लालसर तपकिरी होतात, झाडांची पाने झडतात तशी, आणि वसंतात पुन्हा हिरवी होतात. पिलांची तर सूक्ष्मदर्शकाखालीही ओळख पटवणे कठीण, कारण खूण असलेले अवयवच अजून तयार झालेले नसतात.

म्हणून तिकडचे जाणकार एक चांगली शिस्त पाळतात. नुसता फोटो असेल तर नोंदवहीत ते "या दोहोंपैकी एक" असे लिहितात. जेवढा पुरावा हातात, तेवढाच दावा.

एका मुलीचा प्रश्न

आता त्या प्रश्नाकडे येऊ. एका वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. तिथे नववीतल्या एका मुलीने विचारले, "विज्ञानाच्या पुस्तकात सजीवांची उतरंड दिली आहे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि सगळ्यांत शेवटी जाती. म्हणजे जाती निसर्गानेच केल्या आहेत. मग माणसाच्या जातीपण निसर्गानेच केल्या का?" शाळेतल्या एका मुलाने तिला तसे सुनावले होते. वर हसलाही होता.

प्रश्न साधा नाही. शब्दाने केलेला घोटाळा आहे. पुस्तकातला "जाती" हा शब्द आणि दाखल्यावरचा "जात" हा शब्द कानाला एकच लागतो आणि त्या एका शब्दाच्या आडून केवढा मोठा खोटेपणा आत शिरतो! मुलीला गप्प करून चालणार नाही. तिला उत्तर दिले पाहिजे.

हे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वी दिले गेले आहे. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. इच्छानंगल गावाजवळ वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद झाला. माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की आचरणाने? दोघे भगवान बुद्धांकडे आले. तथागतांनी त्यांना काय दाखवले? गवत आणि झाडे दाखवली, किडे-पतंग आणि अगदी मुंग्या दाखवल्या. मग लहान-मोठी चार पायांची जनावरे, साप, मासे, पक्षी. या सगळ्यांत जातीजातीची वेगळी खूण जन्मतःच असते, असे ते म्हणाले. मग ते माणसाकडे वळले. केस, डोके, कान, डोळे, तोंड, नाक, ओठ, मान, खांदे, पोट, पाठ असा एकेक अवयव घेतला. यांपैकी कशातही माणसामाणसांत तशी खूण नाही, असे त्यांनी दाखवून दिले. माणसांतला भेद हा नावापुरता, व्यवहारापुरता आहे. गाई राखून पोट भरतो तो शेतकरी, कारागिरी करतो तो कारागीर, देवघेव करतो तो व्यापारी. जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, कर्माने होतो.

विचार करा, ही पद्धत कोणती आहे? तथागतांनी शाप दिला नाही, चमत्कार केला नाही. त्यांनी खूण मागितली. किड्यात खूण आहे, माणसात दाखवा. कोळ्यांचे अभ्यासक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हेच करतात.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. दोन काकडी-कोळी दिसायला एक, पण त्यांच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वेगळी खूण आहे, म्हणून जाती दोन. आणि माणूस? नावे हजारो, पण वेगळी खूण एकही नाही. जीवशास्त्रात जात ठरवण्याची एक मोठी कसोटी अशी की ज्यांच्यात आपसात संतती होते आणि त्या संततीलाही पुढे संतती होते, ते एका जातीचे. या कसोटीवर पृथ्वीवरची सगळी माणसे एकाच जातीची ठरतात. तिचे शास्त्रीय नाव होमो सेपियन्स. मानवी जनुकांच्या आराखड्याचे मोठे काम २००३ साली पूर्ण झाले. कोणत्याही दोन माणसांचा जनुकीय मजकूर सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. आपल्याला एवढे लांब जायचीही गरज नाही. सरकारी दवाखान्यात रक्ताच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, जात लिहिलेली नसते. हे रक्तगट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली प्रसिद्ध केले आणि ते सगळ्या समाजांत मिसळलेले आहेत.

परमपूज्य बाबासाहेबांनीही खूण मागितली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापले. ते म्हणजे 'जातिप्रथेचे विध्वंसन'. जाती म्हणजे निरनिराळे वंश होत, या दाव्याची त्यात त्यांनी झाडाझडती घेतली. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचे कोणते नाते आहे, आणि पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा कोणता फरक आहे, असे त्यांनी विचारले. जात ही एकाच वंशाच्या माणसांची समाजाने केलेली विभागणी आहे, हे त्यांचे म्हणणे. पुढे १९४८ सालच्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे आकडे मांडून अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा समज खोडून काढला. अंदाज नव्हे, ऐकीव नव्हे. मोजमाप.

तेव्हा त्या मुलीला असे सांगावे : बाळ, पुस्तकातली जाती खरी आहे, कारण तिची खूण शरीरात सापडते. दाखल्यावरची जात माणसांनी लादलेली आहे. तिचा अन्याय खरा आहे, तिच्यावर मात करायला संविधानाने दिलेले हक्कही खरे आहेत, पण तिची खूण शरीरात कुठेही नाही. तुला हसणाऱ्या मुलाला एवढेच विचार, "खूण दाखव."

घरातला आरसा

हा प्रश्न दुसऱ्यांना विचारायचा तर आधी स्वतःला विचारावा लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. तरी आजही वधू-वरांची चौकशी करताना काही ठिकाणी हळूच विचारले जाते, "तसे आपल्यातलेच ना? मूळचे कुठले? पोटजात कोणती?" मुलगी शिकलेली, मुलगा निर्व्यसनी, दोन्ही घरे विहारात येणारी, आणि जुळलेली सोयरीक मोडते ती या एका प्रश्नावर. तिथे खूण कोणती पाहिली? रंग तरी पाहिला का? काहीच नाही. कोळ्याला निदान ठिपके असतात. आपण नुसत्या नावावरून माणूस वेगळा काढला. ज्या नावाने आपल्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवले, त्या नावाच्या फांद्या-डहाळ्या आपण जपून ठेवायच्या, हे दीक्षा घेतलेल्या घराला शोभणारे नाही.

या रविवारी काय कराल?

शेवटी थोडे कामाचे. मुलांना घेऊन घराजवळची बाग, शेताचा बांध किंवा विहाराचे कुंपण गाठा. सोबत एक वही, पेन्सिल आणि जमले तर भिंग घ्या. मोबाइल असेल तर फोटो काढा, पण पाठीचा एक, बाजूचा एक, पोटाखालचा एक आणि जाळ्याचा एक असे चार काढा. एका फोटोने ओळख पटत नाही.

वहीत क्रमाने लिहा. तारीख आणि जागा. जाळे आहे की नाही. असल्यास उभे की आडवे, मध्ये भोक आहे का. कोळी मध्यभागी बसला होता की पानात. पायांवर काटे आहेत का. तोंडाजवळचे अवयव मुठीसारखे फुगलेले आहेत का, म्हणजे नर की मादी ते कळेल. आणि सगळ्यांत शेवटी रंग. ओळख पटली नाही तर "हिरवा कोळी, उभे जाळे, जाती ठरली नाही" असे लिहा. त्यात कमीपणा काही नाही. खोटे नाव लिहिण्यापेक्षा ते हजार पटीने बरे.

कोळी हातात धरू नका, मारू नका. जवळून पाहायचा असेल तर काचेच्या बरणीत अलगद घ्या, पाहा आणि त्याच झाडावर सोडा. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील आपण दर पौर्णिमेला विहारात म्हणतो. मुलांनी ते पाळायला शिकावे अशी दुसरी सोपी जागा नाही. भाजीच्या वेलावर औषध मारण्याआधीही एकदा पाने उलटून बघा. कीड खाणारा राखणदार तिथेच बसलेला असेल तर औषधाने आधी तोच मरतो.

आणि कुणाच्या अंगावर फोडांचा पट्टा उठला, तर कोळ्याला दोष न देता दवाखाना गाठा. पुढच्या लेखात पावसाळ्यानंतर अंगणात दिसणाऱ्या फुलपाखरांची ओळख करून घेऊ.

नमो बुद्धाय! जयभीम!